पहिल्या घासापासून

विमा एजंटाचा डावा गाल गुळगुळीत झाला होता, उजव्यावर साबणाचा फेस होता, आणि तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. मास्तर म्हणजे सलूनचे मालक. हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच पेंगायचं. पण आज त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उपाशीपोटीची साखर जास्त निघाली होती; आता जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं.

"अहो, निघालात का?" बायकोने विचारलं.

"अजून अर्धा तास आहे की!"

"कसा काय? दोन तास कधीपासून धरलेत?"

"हात धुतल्यापासून."

"अहो, पहिल्या घासापासून धरायचं! तुम्ही पेपर वाचत किती वेळ जेवत बसला होतात!"

मास्तरांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. वस्तरा मिटून खिशात टाकत ते सुटलेच.

"अहो, माझा गाल!" एजंट किंचाळला. त्याला तासाभरात साहेबांपुढे उभं राहायचं होतं. गळ्यातल्या कापडासकट तोही मागे धावला.

लॅबमध्ये रांग होती. पण तोंडाला फेस आलेला माणूस आत शिरलेला पाहून सगळे मुकाट्याने बाजूला झाले.

"वेळेत आलो ना, ताई?" धापा टाकत मास्तरांनी बाही वर केली.

लॅबवाल्या ताईंनी हातातली सुई खाली ठेवली. "धावत आलात?"

"जीव तोडून!"

"मग उद्या या. जेवल्यावर धावलं की साखर उतरते, खरा आकडा कळत नाही. नेहमीसारखं जेवायचं आणि इथे येऊन शांत बसायचं."

मास्तर मटकन बाकावर बसले. एजंटाने शेजारी बसून उजवा गाल पुढे केला. मास्तरांनी तो तिथेच उरकला. ते पाहून पलीकडचे आजोबा म्हणाले, "मलाही जेवणानंतरचं रक्त द्यायचंय, बराच वेळ बसायचंय. माझीही दाढी होऊन जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मास्तर जेवून बाकावर हजर झाले, पण बसू कोण देतंय? बाकावरचा प्रत्येक जण हनुवटी खाजवत त्यांच्याकडेच बघत होता. ताईंनी हाक मारली की मास्तर म्हणायचे, "एवढा गाल होऊ द्या." गालामागून गाल झाले आणि वेळ टळून गेली.

तिसऱ्या दिवशी बायको सोबत आली. तिने वस्तरा पर्समध्ये टाकला आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. रिकाम्या हातांचं काय करावं ते मास्तरांना कळेना. ते बोटं मोडत, पाय हलवत बसले.

"जास्त निघाली तर गं? उद्या हात थरथरायला लागला, तर कोण मान देईल माझ्या हातात?"

"पाय हलवू नका," बायको म्हणाली. पण तिने हळूच त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

रक्त एकदाचं वेळेवर दिलं गेलं. संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला.

"आहे जराशी जास्त, पण आटोक्यात येईल. गोळी लिहून देतो. आणि रोज जेवल्यावर भरभर चालायचं."

मास्तर ताडकन उठले. "अहो, जेवल्यावर धावलो म्हणून तर मला हाकलून दिलं!"

"तेव्हा मोजायची होती," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आता उतरवायची आहे."

बाहेर येताच बायकोने हात करून रिक्षा थांबवली. मास्तर आत पाय टाकणार, तोच तिने रिक्षाचा दांडा धरून वाट अडवली.

"तुम्ही कुठे? सवय लागू द्या, पायी या. मी जाऊन जेवणाचं बघते."