दोरीवरची लोकसंख्या

माणसाला माणूस म्हणून जगायला अन्न, वस्त्र, निवारा लागतो. गावाला गाव म्हणून जगायला पाचशे माणसं लागतात. त्याहून एक जरी कमी भरला तरी ती वस्ती. (राहणाऱ्यांना हा फरक जाणवत नाही, म्हणून शासनाला तो कळवावा लागतो.) गावाला नर्स मिळते. वस्तीला शुभेच्छा मिळतात.

आमचं गाव चारशे शहाण्णववर येऊन ठेपलं तेव्हा मी धसकाच घेतला. कारण माझी मुलगी दूध प्यायल्यावर ढेकर देते ती फक्त नर्सबाईंच्या खांद्यावर. माझा, तिच्या बाबांचा, आजीचा, असे घरातले सर्व उपलब्ध खांदे वापरून झालेले आहेत. ढेकर निघाली नाही की ती रडते, आणि ती रडली की चारशे पंच्याण्णव लोक जागे होतात.

अशात गणती अधिकारी येणार असल्याचं कळलं. ते नेहमी भरदुपारी येतात, त्या वेळी सगळं गाव शेतात असतं. पण माणसं नाहीत एवढ्या कारणावरून गणती अडवून धरणं त्यांना पटत नाही. ते दोरीवरचे कपडे मोजतात. एक सदरा म्हणजे एक प्रौढ, एक लंगोट म्हणजे एक बालक. मोजे धरत नाहीत. (एकट्या मोज्यावरून पूर्वी वाद झालेले आहेत.)

गावाने कंबर कसली. पोस्टमनने तिन्ही गणवेश वाळत घातले. शिंप्याने गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले सदरेही टांगले. एका बाहीवाल्यांची नोंद ‘तात्पुरते रहिवासी’ अशी झाली. सासूबाईंनी ट्रंक उघडून मामंजींचे सातही कोट बाहेर काढले. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली.

“असताना कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही,” सासूबाई कोटांना चिमटे लावत म्हणाल्या, “आता तरी गावाच्या कामी येऊ देत.”

माझा मात्र यात काही हात नव्हता. माझे बत्तीस लंगोट रोजचेच.

अधिकारी आमच्या दोरीपुढे थबकले.

“ताई, मुलं किती?”

“एकच.”

“लाजू नका.”

“अहो, खरंच एकच. ही काय, कडेवर.”

त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग दोरीकडे. “पुरावा वाळतोय, ताई,” ते हळूच म्हणाले. “बाकीची झोपलीत वाटतं? दमत असाल हो फार.”

बाळंतपणानंतर हे वाक्य मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. मी पुढे वाद घातला नाही.

निकाल लागला. आमची लोकसंख्या तीन हजारांवर गेली आणि गाव शहर झालं. चौकात पेढे वाटेपर्यंत दुसरं पत्र आलं: शहराला नर्स देत नाहीत, कारण शहरात रुग्णालय असतं. ते कुठे आहे, असं आम्ही विचारलं. ‘शहरात’ असं लेखी उत्तर आलं.

नर्सबाईंची बदली झाली. बस सुटेपर्यंत मुलगी त्यांच्या खांद्यावर होती. ढेकर दिली, आणि बस गेल्यावर भोकाड पसरलं.

पुन्हा गाव व्हायला थोडंसंच कमी व्हायचं होतं. पण कुणी किती कमी व्हायचं यावर एकमत होईना. “माझे कोट आधी घरात जाणार नाहीत,” सासूबाई म्हणाल्या. “नंतर म्हणाल, तुमचेच जास्त होते.” शेवटी भांडण नको म्हणून सगळ्यांनीच सगळे कपडे आत घेतले, दोऱ्यासुद्धा सोडल्या. फेरगणतीत आमची लोकसंख्या शून्य भरली.

आम्ही आता अधिकृतरीत्या निर्मनुष्य आहोत, आणि शासन निर्मनुष्य भागाची फार काळजी घेतं. तिथून जाणाऱ्या वाटसरूंसाठी प्रथमोपचाराची सोय ठेवणं बंधनकारक आहे. नर्सबाई पुढच्याच बसने परत आल्या. माझी मुलगी हल्ली त्यांच्या खांद्यावर ‘वाटसरू, वय सात महिने’ म्हणून ढेकर देते. तृप्त दिसते.

लंगोट मी आता कपाट आणि खिडकीच्या मध्ये दोरी बांधून घरातच वाळवते. शहरात म्हणे सगळे असंच करतात. बाहेर कपडे दिसले की इमारतीची शोभा जाते.

गणती अधिकारी कालच तुमच्याकडे निघाले आहेत. तेव्हा हे वाचून हसू आलंच, तर जरा हळू हसा. तुमच्या पत्त्यावर कुणीही राहत नाही.