मंदाकिनीकाकूंची तिजोरी

"कपाटाला एक ओरखडा दिसला, तर गाठ माझ्याशी आहे. आणि नाटकात गोंधळ झाला, तर पुढच्या वर्षीपासून नाताळच्या सुट्टीत फक्त भजन. समजलं?"

भाऊ सोसायटीचे अध्यक्ष होते. दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलं होतं, तेव्हापासून ते सगळ्यांशीच असं बोलत. हरिहरने मान डोलावली. नुकत्याच बी. एस्सी. झालेल्या हरिहरने एका जुन्या, काळ्यापांढऱ्या इंग्रजी सिनेमावरून हे नाटक बेतलं होतं. नाताळची संध्याकाळ, लंडनमध्ये बर्फ पडतोय, आणि नाताळबाबाच्या वेशातला चोर लॉर्डसाहेबांच्या तिजोरीतून हिऱ्यांचा हार पळवतोय.

प्लायवूडची तिजोरी खोटी दिसते, असं हरिहरचं म्हणणं होतं. म्हणून कोपरीतल्या सोसायटीच्या पटांगणात, स्टेजवर, भाऊंच्या घरचं लोखंडी कपाट येऊन उभं राहिलं. भाऊंच्या बायकोने, मंदाकिनीकाकूंनी, साड्या काढून दिल्या, पण बजावलं, "वरच्या फळीला हात लावायचा नाही हं."

हरिहर पद्धतशीर माणूस. बर्फाचा कापूस कितपत हळू पडतो, हे त्याने गच्चीवरून टाकून पाहिलं होतं. चोराची भूमिकाही तोच करणार होता. कपाटाला कुलूप लावायचं नाही, त्याने दाराला कान लावून हेअरपिन फिरवायची, हँडल दाबायचं, 'खट्' असा आवाज आला की परशुरामने यायचं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला त्याचा मित्र परशुराम नाटकात इन्स्पेक्टर झाला होता.

तिसऱ्या घंटेआधी काकू पडद्यामागे डोकावल्या. "ओरखडा नाही ना आला, बघते." त्यांनी कपाट उघडलं, वरखाली पाहिलं, लावलं, किल्ली फिरवली आणि कमरेला खोचली. गेली वीस-बावीस वर्षं कपाट लावलं की त्यांचा हात हे आपोआप करत असे. मग त्या पहिल्या रांगेत भाऊंशेजारी मटार सोलत बसल्या.

नाटक छान रंगलं. कापूस हिशेबाप्रमाणे पडला. नाताळबाबाने हेअरपिन फिरवली, हँडल दाबलं, आणि कपाट उघडलं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. मग पाय लावून ओढलं. दाढी हनुवटीवरून कानाकडे सरकली.

"लंडनच्या तिजोऱ्या फार पक्क्या असतात बुवा," तो प्रेक्षकांकडे बघून म्हणाला.

"किल्लीवाल्याला बोलव रे!" मागून कोणीतरी ओरडलं.

विंगेत परशुराम 'खट्'ची वाट पाहून कंटाळला आणि सरळ आत आला. "हात वर कर!" मग हळूच, "काय झाला रं? उघडत नाय काय?"

"नाही ना."

"सर. तू वढ, मी खालशी धरतो."

चोर आणि इन्स्पेक्टर मिळून तिजोरी ओढायला लागले, तसं पटांगण हसून लोळायला लागलं. भाऊ ताडकन उठले. "बस्स झालं! पडदा पाडा!"

हरिहरला पुढच्या सगळ्या वर्षांच्या भजनांचे टाळ ऐकू यायला लागले. त्याने घाईघाईने नाताळबाबाच्या पोत्यातून खरा स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"अरे, अरे! रंग जाईल त्याचा!" मटार सांडत काकू स्टेजवर चढल्या. कमरेची किल्ली काढून त्यांनी कुलूप उघडलं. "आणि हँडल उचलून फिरवायचं. ओढाताण कशाला?"

परशुराम भानावर आला. "बाय, तुम्ही कोन?"

"कोण म्हणजे? कपाट माझं आहे!"

"लेडीसाहेब!" हरिहर किंचाळला. "म्हणजे चोराला किल्ली तुम्हीच दिलीत?"

"माझाच हार मी कशाला चोरू रे?"

"इमा कंपनीचे पैशे!" परशुराम गरजला. "सगला कलला मना!"

असा धक्का त्या इंग्रजी सिनेमातही नव्हता. टाळ्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या. काकू मात्र उघड्या दारासमोर वरची फळी झाकत उभ्या होत्या. पण त्यांची उंची कमी पडली. हिऱ्यांचा हार सगळ्यांनी पाहिला. वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा फक्त भाऊंनी.

"पडदा पाडू ना, भाऊ?" पडद्याच्या दोरीपाशी उभ्या माणसाने विचारलं.

"कशाला?" भाऊ खाली बसले. "चांगलं चाललंय की."

नाटक संपलं. लेडीसाहेबांना बायकांनी घेरलं. हरिहर दाढी सोडवत पडद्यामागे आला, तर कपाटाआडून भाऊ बाहेर पडत होते. ते तोंड मिटूनच हसले. त्याला भाऊंचं हसू कधी पाहिल्याचं आठवेना.

"पुढच्या वर्षीही चोरीचंच नाटक करा," घास गिळल्यावर भाऊ म्हणाले. "कपाट आमचंच न्यायचं."

तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी वरच्या फळीवरचा डबा हलवून पाहिला. आवाज आला नाही.

"इन्स्पेक्टर! माझ्या नारळाच्या वड्या कुठे गेल्या?"

परशुरामने भाऊंच्या पांढरी भुरभुर लागलेल्या मिशीकडे पाहिलं. मग हरिहरकडे. हरिहर खाली पडलेला कापूस गोळा करायला लागला.

"आणि तुमच्या मिशीला काय लागलंय हो?"

"बर्फ," भाऊ म्हणाले. "लंडनला पडतो." आणि तो त्यांनी जिभेने हळूच टिपला.