रिक्षा वळली की वळायचं

विद्यापीठाला समाजाचा सहभाग हवा होता.

कमलेश रिक्षावाल्याने आपल्या होणाऱ्या सासूबाईंना अजून एकदाही 'नाही' म्हटलेलं नव्हतं.

भोंग्याचं तोंड पुढे असतं.

खंडेरावांना पळायला आवडत नसे. शाळेतही नाही, लग्नातही नाही, कारखान्यात आग लागल्याची रंगीत तालीम झाली तेव्हाही नाही.

मोर्चाला परवानगी लागते.

यातली पहिली गोष्ट सोडली तर त्या रविवारी सकाळी मेघाली राऊतला काहीच ठाऊक नव्हतं. विद्यापीठाच्या बोईसर उपकेंद्रात ती शारीरिक शिक्षण शिकवायची. उपकेंद्राला तीन वर्ग, एक ग्रंथालय आणि एक मैदान होतं. वर्गात पंखे नव्हते, ग्रंथालयात नवी पुस्तकं नव्हती, पण मैदान मात्र अस्सल होतं. संध्याकाळी तिथे मुली कबड्डी खेळायच्या आणि सकाळी आसपासच्या चाळींतल्या बायका पदर खोचून फेऱ्या मारायच्या. हेच मैदान केंद्राचे संचालक नरहरी पाटील यांना लग्नाच्या लॉनसाठी द्यायचं होतं.

"मॅडम, वापर कुठेय त्याचा? दहा पोरी आणि आठ म्हाताऱ्या," असं ते म्हणाले होते. "विद्यापीठाची आरोग्य दौड येतेय ना? घ्या की आपल्याकडे. क्रीडा विभागाचे इंद्रजीत सर बघायला येणारच आहेत. गावातल्या माणसांनी मैदान भरून दाखवा. भरलं तर मैदान तुमचं. नाही भरलं तर लॉनवाल्याला मी हो म्हणतो."

मेघालीने महिनाभर नुसती वणवण केली. दुकानदारांना भेटली, सोसायट्यांमध्ये गेली, बाजारात उभी राहून ओरडली. सगळे म्हणाले, "येतो की!" बोईसरमध्ये "येतो की" म्हणणारा माणूस घरी झोपतो, हे तिला रविवारी सकाळी सहा वाजता कळलं. मैदानावर तिचे स्वतःचे पंधरा-वीस विद्यार्थी तेवढे होते. आणखी काही येणार होते, पण टी-शर्ट मिळणार नाहीत हे कळल्यावर तेही झोपले.

"मॅडम, टेन्शन नाय घ्यायचा," कमलेश म्हणाला. त्याची रिक्षा दौडीच्या पुढे चालायची होती. वर भोंगा, बाजूला पिवळा झेंडा, मागे 'सर्वांसाठी आरोग्य' असा फलक. "नाक्यापर्यंत जाव, तुमी माइकवर बोला, लोक येतील. लग्नात नाय का, बँड वाजला की माणसा गोला होतात."

मेघालीने मुलांना रांगेत उभं केलं. "आठवडाभर काय सांगितलंय?"

"रिक्षा वळली की वळायचं!" मुलं ओरडली.

"आणि?"

"थांबायचं नाही!"

"शाब्बास," ती म्हणाली. या शाब्बासकीचा पुढे तिला फार पश्चात्ताप झाला.

मेघाली माइक घेऊन रिक्षात मागे बसली आणि दौड निघाली. नाक्यावर रत्नाबाई उभ्या होत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पोळपाट. त्या रोज उमरोळीहून पहिल्या गाडीने यायच्या आणि नाक्यावरून शेअर रिक्षाने कारखान्याच्या कँटीनला जायच्या. रात्रपाळी सुटली की तिथे नाष्टा लागतो, तो त्यांच्या हातचा. त्यांनी कमलेशची रिक्षा पाहिली आणि रोजच्यासारखा हात केला. कमलेशच्या पायाने, मालकाला न विचारता, ब्रेक दाबला.

"कमलेश, थांबलास का?" मेघाली म्हणाली.

"मॅडम, त्या... आमच्या होणाऱ्या सासूबाई हायत."

तोवर सासूबाई आत आल्याही होत्या. त्यांनी मेघालीला कमरेने अलगद आतल्या कोपऱ्यात सरकवलं. "सरक गो बाय जराशी. तूपन कारखान्यालाच का?"

"मावशी, ही रिक्षा विद्यापीठाच्या दौडीची आहे. सवारीची नाही."

"मग जाऊ दे की तुजी दौड. मी काय आडवी पडलीय? चल रे कमलेश, कँटीनात पीठ मलून ठेवलाय. उशीर झाला तर ती माणसा मलाच भाजून खातील."

कमलेशने आरशातून आधी मॅडमकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. मॅडम विद्यापीठाच्या होत्या. सासूबाई मुलीच्या होत्या. "पाचच मिनिटा, मॅडम," तो पुटपुटला आणि रिक्षा कारखान्याच्या रस्त्याला वळली.

रिक्षा वळली, म्हणून मुलं वळली.

मेघालीने घाईघाईने माइक तोंडाशी धरला. "मुलांनो, मागे येऊ नका! सरळ जा! वळसा घालून मैदानावर परत जा!"

भोंगा पुढे बघत होता. त्यामुळे मागे येऊ नका ही सूचना चहाच्या टपरीवाल्याला, दोन म्हशींना आणि पुढून येणाऱ्या एका सायकलवाल्याला अगदी स्वच्छ ऐकू गेली. सायकलवाला थांबला, विचारात पडला आणि सरळ गेला. मागच्या मुलांना मात्र ऐकू आलं ते एवढंच:

भों भों. भोंऽऽ भों! भों भों भों!

"मॅडम किती जोशात आहेत आज!" सगळ्यांत पुढे धावणारी मोनाली म्हणाली. तिने हात हलवला आणि वेग वाढवला. सगळ्यांनीच वाढवला.

शेअर रिक्षाचा एक नियम आहे. एक माणूस बसलेला दिसला की दुसऱ्याला ती आपलीच वाटते. पुढच्या वळणावर एकाने "सीट हाय का?" विचारलं. कमलेशच्या तोंडातून सवयीने "बसा" निघून गेलं. मग तो कमलेशच्या शेजारी अर्धा आत, अर्धा बाहेर असा बसला. त्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागाने झेंडा धरला, कारण धरायला दुसरं काहीच नव्हतं.

कारखान्याच्या फाटकाशी रात्रपाळी नुकतीच सुटली होती. आधी नाष्टा, मग बस, असा रोजचा क्रम. माणसं कँटीनकडे निघाली होती, बस रांगेत उभ्या होत्या. तेवढ्यात भोंगा लावलेली रिक्षा आली. रिक्षातून झेंडा हलवणारा एक गृहस्थ. आत माइक धरलेली, घामाघूम, हातवारे करणारी बाई. मागे घामाने निथळणारी तरुण पोरं.

औद्योगिक वसाहतीत या दृश्याचा एकच अर्थ होतो.

"मोर्चा आला रं!" कुणीतरी म्हणालं.

खंडेराव पुढे झाले. कामगारांत त्यांचा शब्द चाले. साताऱ्याकडचा माणूस, अंगाने भरभक्कम, डोक्यावर हेल्मेट, पायात लोखंडी टोकाचे बूट. त्यांनी फलक मोठ्याने वाचला. "सर्वांसाठी आरोग्य. बराबर हाय. दवाखान्याचं आपलं कधीपास्नं राहिलंय. चला रं, नाष्टा मागनं."

मेघाली रिक्षातून धडपडत उतरली. "अहो काका, गैरसमज होतोय. हा मोर्चा नाही!"

"न्हाईच," खंडेरावांनी एक डोळा मिटला. "कोण म्हणतंय मोर्चा हाय? अजाबात न्हाई."

"खरंच नाही!"

"बाई, आमी काय नवीन हाय व्हय? चला तुमी पुढं."

"काका, ही धावण्याची दौड आहे. आरोग्यासाठी!"

"तेच की. आरोग्यासाठी," खंडेराव म्हणाले आणि मागे वळून सगळ्यांना डोळा मारला. सगळ्यांनी परत डोळा मारला. बाई भलतीच तयारीची आहे, असं सर्वांचं मत झालं.

रत्नाबाई पोळपाट काखेत घेऊन फाटकात उभ्या होत्या. कँटीनकडे जाणारी रांग त्यांच्या डोळ्यांदेखत उलटी फिरली. त्या परत येऊन रिक्षात बसल्या. "खानारेच निघाले तर मी कोनासाठी लाटू? घे रे, फिरव रिक्षा."

कमलेशने फिरवली. मुलं फिरली. कामगार फिरले. बस रिकाम्या राहिल्या, म्हणून बसवालेही खाली उतरून मागे लागले. रस्ताभर माणसंच माणसं. मेघाली पुन्हा रिक्षात चढली, तिने मागे पाहिलं आणि तिचे हातवारे थांबले. ही सगळी गावातली माणसं होती, आणि रस्ता मैदानाकडे जात होता.

नाक्यावर पोलिसांची जीप आडवी उभी होती.

फौजदार दीपिका मॅडम खाली उतरल्या. "कसला मोर्चा आहे? परवानगी दाखवा."

"मोर्चा नाही, मॅडम. विद्यापीठाची आरोग्य दौड आहे," मेघाली म्हणाली. "तिची परवानगी आहे. तुमच्याच ठाण्यातून घेतलीय."

"दौड?" दीपिका मॅडमनी गर्दीकडे पाहिलं. हातात डबे, खांद्यावर पिशव्या, कुणी विडी पेटवलेली, सगळे लग्नाच्या वरातीसारखे रमतगमत येत होते. "यातलं कोण दौडतंय?"

मुलं जागच्या जागी उड्या मारून दाखवू लागली.

"ती नाही. बाकीचे. हे बघा, चालत आलात तर मोर्चा. मोर्चाला परवानगी नाही, सगळ्यांची नावं घेईन. धावत आलात तर दौड. दौडीला परवानगी आहे. ठरवा."

मागून कुणीतरी विचारलं, "भागना पडेगा क्या?"

खंडेराव कळवळून म्हणाले, "मॅडम, रातभर मशिनीपाशी हुबा हाय मी. जरा जलद चाललो तर?"

"धावायचं."

"पायात बूट बघा की. एकेक किलोचा हाय."

"मग मोर्चा आहे का?"

"न्हाई न्हाई! दौडच हाय!" खंडेराव म्हणाले, डोळे मिटले, आणि पळाले.

खंडेराव पळाले म्हटल्यावर कारखाना थांबणार कसा? अख्खी रात्रपाळी पळाली. डबे खणखणले, बूट दणदणले, विड्या विझल्या. जीप मागोमाग येत होती आणि कुणी जरा चालायला लागलं की हळूच हॉर्न वाजवत होती. रस्त्यावरच्या लोकांनी पाहिलं की सगळे पळतायत आणि मागे पोलीस आहेत. काय झालंय हे विचारत बसण्यापेक्षा आधी पळावं, या शहाण्या विचाराने तेही पळाले. त्यात दुकानदार होते, सोसायटीवाले होते. "येतो की" म्हणणारे जवळजवळ सगळे आले. काही बनियनवर होते.

"मॅडम, माइकवर बोला ना!" कमलेश ओरडला.

मेघालीने माइक उचलला. आता पुढेही माणसं होती आणि मागेही. "श्वास नाकाने घ्या!" ती म्हणाली. "हात मोकळे सोडा! खंडेराव काका, टाचेवर नका पडू, पंजावर या!"

"येतोय की!" मागून धापा टाकत आवाज आला. "पंजाच सापडंना बुटात!"

रत्नाबाईंनी बाहेर डोकं काढलं. "पला रे पला! पोचल्यावर लाटते मी!"

मैदानावर दोन खुर्च्या होत्या. एकीत नरहरी सर, दुसरीत विद्यापीठाचे इंद्रजीत सर. नरहरी सरांची फाटकाकडे पाठ होती. हात पसरून ते रिकामं मैदान दाखवत होते. "बघा सर, प्रयत्न आम्ही खूप करतो. पण इथल्या माणसाला व्यायामाची मुळात..."

इंद्रजीत सर खुर्चीतून हळूहळू उभे राहिले.

नरहरी सर वळले. आधी रिक्षा आली. मग मुलं. मग मैदानाचं फाटक दिसेनासं झालं आणि माणसांचा लोंढा आत घुसला. लोखंडी बुटांखाली जमीन हादरली. शेवटी पोलिसांची जीप येऊन फाटकात आडवी उभी राहिली. नरहरी सरांनी जीपकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. जीप तशीच होती.

मोर्चा पोहोचला की मांडी घालून बसायचं, ही कामगारांची जुनी शिस्त. सगळे बसले. दुकानदार बसले, बनियनवाले बसले. मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं. मेघालीने ते डोळे भरून पाहिलं.

खंडेराव तेवढे उभे राहिले, कारण बसले असते तर उठले नसते. "बाई," ते धापा टाकत म्हणाले, "आता मागणी सांगा. एवढी पळापळ केली ती कशासाठी, त्ये तर कळू द्या."

मेघालीने नरहरी सरांकडे पाहिलं. मग माइक तोंडाशी धरला. "मागणी एकच आहे. हे मैदान लग्नाच्या लॉनला देऊ नका. ते गावाला खेळायला, फिरायला, पळायला खुलं राहिलं पाहिजे."

"राहिलंच पाहिजे!" रात्रपाळी गरजली. मागणी काय आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. ओरडण्याची सवय पक्की होती.

"मैदान कुणाचं?" मोनालीने विचारलं.

"आमचं!"

"आमच्या मागण्या?"

"मान्य करा!"

"आनि नाष्टा राहिलाय सगल्यांचा!" रत्नाबाई म्हणाल्या. यालाही प्रचंड प्रतिसाद मिळाला.

नरहरी सरांनी पुन्हा जीपकडे पाहिलं. इंद्रजीत सर मोबाइलवर सगळं टिपत होते आणि अक्षरशः उड्या मारत होते. "पाटील सर, कमाल केलीत! समाजाचा असा सहभाग मी कुठल्याच केंद्रात पाहिला नाही. पोलिसांनाही घेतलंत! आणि हे मैदान लॉनला द्यायचं चाललं होतं?"

"छे छे," नरहरी सर म्हणाले. "कोण म्हणतं? मान्य. मान्य आहे. मैदान खुलं राहील."

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. खंडेरावांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हवेत उडवलं. "आरं, आयुष्य गेलं मोर्च्यात! त्याच दिवशी मागणी मान्य झालेली ही पयलीच येळ!"

त्यानंतर जो जल्लोष झाला तो उमरोळीपर्यंत ऐकू गेला असावा. मेघालीला दोघांनी खांद्यावर घेतलं. तिने मग तिथूनच इंद्रजीत सरांकडून महिन्यातून एकदा मैदानावर मोफत तपासणी शिबिर कबूल करून घेतलं, कारण दवाखान्याचं कधीपास्नं राहिलं होतं. रत्नाबाईंनी दगडांची चूल मांडली आणि कुणीतरी पळत जाऊन कँटीनमधलं पीठ आणि तवा आणला. दीपिका मॅडमनी पहिली चपाती खाल्ली. पुढच्या रविवारी किती वाजता, हे त्यांनीच विचारलं.

कमलेशला सासूबाईंनी तव्यावरची गरम चपाती स्वतःच्या हाताने दिली. "रिक्षा बरी चालवतोस," त्या म्हणाल्या. एवढ्यावर तो दिवसभर हसत होता.

नरहरी सर तेवढे खुर्चीतच बसून होते. माणसं येऊन त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवून जात होती. ते प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होते.

दौडीच्या आधीच्या गुरुवारीच त्यांनी पुतणीच्या होणाऱ्या सासरच्या मंडळींना ते मैदान फिरवून दाखवलं होतं आणि स्टेज कुठे, पंगती कुठे, हेही ठरवून टाकलं होतं.