हरिहर सरांची दाढ

सोमवारी सकाळी जयेशने इनक्युबेटर उघडला, आणि हरिहर सरांच्या पेशींवर कापसासारखी बुरशी चढलेली पाहून त्याचा चेहराही तसाच पांढरा पडला.

घोडबंदर रोडवरच्या त्या प्रयोगशाळेत लोकांच्या काढलेल्या अक्कलदाढा येत. दाढ फोडायची, आतला गर काढायचा, त्यातल्या मूळपेशी चपट्या बाटलीत वाढवायच्या, असं काम. पेशींना एक दिवसाआड गुलाबी रंगाचं खाद्य लागतं आणि त्यांना रविवार नसतो. जयेशला होता. शनिवारी बाळकुमला त्याच्या मामेभावाची हळद होती, आणि बाळकुमची हळद ठरल्या वेळी संपल्याचं कुणी ऐकलेलं नाही. रविवारी दुपारी तो अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी आला आणि शुक्रवारपासून झाकण ढिलं राहिलेल्या बाटलीतलं खाद्य त्याने नेमकं सरांच्या पेशींना घातलं.

आता पेशी काय, मरतातच. पण ह्या डॉक्टर हरिहर केतकरांच्या होत्या, आणि जयेशला नोकरीत कायम करायचं की नाही ते महिनाअखेरीला हेच केतकर ठरवणार होते. पंधरा दिवसांपूर्वी सरांनी स्वतःची दाढ आणून सगळ्यांसमोर ठेवली होती. "लोकांकडे मागण्याआधी शास्त्रज्ञाने स्वतःचं द्यावं," असं म्हणून त्याच दुपारी त्यांनी दोन कडक चकल्या कडाकडा फोडून खाल्ल्या होत्या. जयेशने मनातल्या मनात हात जोडले होते.

शेजारीच जयेशच्या आईच्या पेशी होत्या. सरस्वती बाळकुमच्या बाजारात मासळी विकायची. तिची दुखरी दाढ निघाली तेव्हा जयेशने ती हात बसवायला म्हणून मागून घेतली होती, फॉर्मवर तिची सहीही होती. त्या पेशी अशा फोफावल्या होत्या की दर चार दिवसांनी नवी बाटली लागत होती. आई रोज विचारायची, "माझ्या पोरी जेवल्या का रं?"

जयेशने आईची एक बाटली उचलली, तिच्यावरची चिठ्ठी काढली आणि सरांची लावली. महिनाअखेरीपर्यंत निभावलं की झालं, एवढाच त्याचा हिशेब होता.

पण सरांनी त्याच दुपारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

"जयेश, वय किती माझं?"

"एकोणसाठ, सर."

"आणि ह्या बघ! विशीतल्यासारख्या वाढतायत. सात पिढ्यांचं शाकाहारी अन्न आहे हे. मासळीबिसळी खाणाऱ्याच्या पेशींना हे तेज यायचं नाही."

"नाही ना, सर," जयेश म्हणाला. त्याच्या डब्यात बोंबील होते.

मग काय विचारता! पाहुणा आला की आधी सरांच्या पेशी, मग चहा. नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघात सरांनी 'आहार आणि पेशी' ह्या विषयावर भाषण दिलं आणि पडद्यावर सरस्वतीबाईंच्या पेशी दाखवून टाळ्या घेतल्या. ते ऐकून एका रुग्णालयाने संशोधनासाठी त्याच पेशी मागितल्या. तिथे गाडी अडली, कारण प्रयोगशाळेतून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट कल्पिता मॅडमच्या नजरेखालून जायची.

"डीएनए चाचणी करावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "पेशी कुणाच्या ते कागदावर यायला हवं."

"कशाला?" सर एकदम म्हणाले. "माझी दाढ मी ओळखत नाही?"

"तेच ना!" जयेश म्हणाला. "मॅडम, सरांवर डाउट घेता तुम्ही?"

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि नमुना त्याच दिवशी पाठवून दिला.

आठवड्याने बंद पाकीट आलं. अर्ध्या तासाने सरांनी जयेशला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. राजीनामा मराठीत चालतो की इंग्रजीतच लागतो, एवढंच विचारायचं त्याने ठरवलं होतं.

"रिपोर्ट आला," सर खालच्या आवाजात म्हणाले. "पेशी बाईच्या आहेत."

जयेशने दार नीट लागलंय का ते वळून पाहिलं.

"तुझ्यापासून काय लपवायचं? मला दाताच्या डॉक्टरची फार भीती वाटते. त्या खुर्चीवरून मी दोनदा पळून आलोय. ती दाढ माझी नव्हती रे. मंदाकिनीची होती."

मंदाकिनी म्हणजे सरांच्या पत्नी. जयेशच्या डोळ्यांसमोर त्या दोन चकल्या उभ्या राहिल्या. त्याला इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना.

"दुसऱ्याच्या दाढेवर किती दिवस मिरवायचं?" सर म्हणाले. "चिठ्ठीवर तिचं नाव घाल. गुरुवारी ती रक्त द्यायला येतेय, ते पेशींशी जुळवू आणि प्रकरण मिटवू."

हसू जिथल्या तिथे विरलं. गुरुवार परवावर होता. आणि सर इतकं खरं बोलले होते की आपण आता खोटं बोलावं ह्याची जयेशला मनापासून लाज वाटली.

"सर, जुळणार नाही," तो म्हणाला, आणि हळदीपासून बोंबलापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला.

सरांनी रिपोर्ट पुन्हा उचलला.

"म्हणजे मंदाकिनीच्या पेशी...?"

"गेल्या, सर. बुरशी लागलेली."

"तिने मैत्रिणींना गुपचूप सांगून ठेवलंय, भाषणात दाखवल्या त्या माझ्याच म्हणून." सरांनी कपाळावरचा घाम पुसला. "तिला कोण सांगणार?"

मग त्यांनी खणातून जयेशची फाईल काढली आणि सही केली.

"आजपासून तू कायम. एवढं सगळं माहीत असलेला माणूस मी दुसरीकडे जाऊ देणार नाही. आणि त्या पेशींवर तुझ्या आईचं नाव घाल."

संध्याकाळी सरस्वती पाट्या धूत बसली होती. जयेशने कायम झाल्याचं सांगितलं. तिने ओल्या हातानेच त्याच्या गालावरून बोटं फिरवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आन माझ्या पोरी?"

"मजेत आहेत. मधी महिनाभर नौपाड्यात दिलेल्या, केतकरांच्या घरी. आज परत आपल्या नावावर आल्या."

सरस्वतीचे हात थांबले.

"का रं?" ती काळजीने म्हणाली. "नांदवलं नाय का त्यांनी?"