उसनी हाक

सन १९६३, माघ महिना, मिठाचा हंगाम लागून तिसरा आठवडा. त्या संध्याकाळी माझे पाय मिठागराच्या बांधाला चिकटले आणि सुटले नाहीत, कारण घरून हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

आमच्या गावात दिवेलागणीला घराबाहेरच्या पोरांचे पाय जमिनीला चिकटतात. जे पोर जिथे असेल तिथे. घरून नावाने हाक आली की सुटतात. नाही आली तर सकाळी उन्हाबरोबर सुटतात. हाक मारणाऱ्याने त्या पोराचं ताट वाढलेलं असावं लागतं आणि स्वतः जेवलेलं नसावं लागतं. पुढे ज्या दिवशी आपल्या हाकेने दुसऱ्या कोणाचे पाय सुटतात, त्या दिवसापासून आपले पाय कायमचे मोकळे. मग माणूस जाणता झाला असं धरतात. जाणत्या माणसाला कोणी हाक मारत नाही. गरज नसते.

बाप आधीच गेला होता. आई त्या रविवारी गेली. मी बारा वर्षांचा होतो.

बांधावर आम्ही सात-आठ पोरं होतो. एकेका घरून हाक आली, एकेक पोर पळालं. हिरा सगळ्यात शेवटी गेला. जाताना म्हणाला, "येईल रं तुजी पण." मग त्याला आठवलं. मग तो मागे न बघता पळाला.

तीन रात्री बांधावर काढल्या. चौथ्या दिवशी सकाळी ग्रामसेवकाने कचेरीत बोलावलं. निकम नावाचे घाटावरचे गृहस्थ होते. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "नाव?"

"पोशीराम धाकू."

"हाक मारणारं कोण?"

"आई होती."

"कधीपर्यंत?"

"रविवारपर्यंत."

त्यांनी ते लिहून घेतलं. "अर्ज करावा लागेल."

"लिवता येत नाय."

"मग अंगठा दे."

अंगठा दिला. त्या संध्याकाळी पंचायतीचा शिपाई गोमा कचेरीच्या पायरीवर पत्र्याचा कर्णा घेऊन उभा राहिला आणि ओरडला, "पोशीराम धाकू, ताबडतोब घरी हजर राहावे!" सगळ्या मिठागरांवर ऐकू गेलं. माझे पाय हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पंचायतीने ठराव करून एक ताट मंजूर केलं. ताट कचेरीतल्या टेबलावर वाढून ठेवलं. गोमाने पुन्हा हाक दिली. तरी नाही. सकाळी चौकशी झाली.

"गोमा, तू जेवला होतास का?"

"जेवून आलो होतो साहेब. हाक साडेसहाची. तवर कोण थांबंल?"

निकमांनी माझ्या अर्जावर शेरा मारला: हाक देण्यात आली, अर्जदार जागचा हलला नाही, प्रकरण बंद. मला वाचून दाखवलं. मी हो म्हणालो.

सहाव्या संध्याकाळी हाक आली. "पोश्याऽऽ, ये रंऽऽ, ताट वाडलंय!"

हाक जानूबायची होती. मिठाच्या टोपल्या वाहणारी ही बाई गावाच्या कडेला एकटी राहत असे. नवरा वारलेला, पोरबाळ नाही. बोलायला फटकळ. माझं तिचं काही नातं नव्हतं. जाऊ नये असं मला वाटलं. पण पाय सुटले होते आणि चालू लागले होते.

तिच्या उंबऱ्यात मी थांबलो. म्हणालो, "मी हाक मागितली नव्हती."

"मी बी फुकट नाय दिली. उसनी हाय. बस, भात गार होतोय."

"कवा फेडायची?"

"तुज्यात दम येल तवा."

आमच्याकडे उसनं फार कडक असतं. वाटीभर पीठ आणलं तर वाटीभर पीठच परत जातं. त्या जागी तांदूळ चालत नाहीत. हे मला माहीत होतं, तरी मी चूक केली. एकदा मी तिच्या वाट्याच्या दहा टोपल्या मीठ वाहून दिलं आणि म्हणालो, फिटलं. ती म्हणाली, "मी काय तुला मीठ दिल्तं?" आणि संध्याकाळी पुन्हा हाक मारली.

असं सहा वर्षं चाललं. आम्ही फार बोलत नसू. मी जेवायचो, ती माझ्यानंतर जेवायची. मी पडवीत झोपायचो. एकदा ताप आला तेव्हा ती रात्रभर शिव्या देत बसली होती. तिने ते कोणाला सांगितलं नाही.

मी अठरा वर्षांचा झालो. मिसरूड फुटलं. बरोबरच्या सगळ्यांचे पाय मोकळे झाले होते. कोणी धाकट्या भावाला हाक मारली, कोणी बहिणीला. मला धाकटं कोणी नव्हतं. दिवेलागणीला मी पाच-सहा वर्षांच्या पोरांमध्ये उभा असायचो. हिरा मुद्दाम समोरून चालत जायचा.

"पोश्या, मिशीला तेल लाव. खाली उतरलं तर पाय सुटतील."

"तुज्या वाटेला जा."

"जातो ना. मला जाता येतं."

त्या वर्षी मी मचव्यावर काम मागायला गेलो. मचवा म्हणजे मुंबईला मीठ नेणारी मोठी होडी. तिचा प्रमुख तांडेल. आमच्या बंदरातला तांडेल हसूबाबा. त्याने माझे हात बघितले, खांदे बघितले, मग पाय बघितले.

"पाय मोकळं हायेत?"

"नाय."

"मग दर्यात सांजच्याला तुला कोन हाक मारनार? वल्हं मारता मारता फळीला चिकटशील. जानता हो, मग ये."

"मी हाक मारू असं माजं कोण नाय."

हसूबाबा विडी पेटवत होता, तो थांबला. "आन् ती जानूबाय कोन हाय? सहा वर्सं तिनं खाडी वलांडली नाय. पल्याड तिची भयीन हाय. भाचीचं लगीन जालं, ही गेली नाय. आता भयीन अंथरुनाला लागलीय, तरी नाय."

"का?"

"काय गाढव हायेस रं. परक्याला हाक उसनी दिली का आपलं पाय पुन्हा धरतात. परत मिळंपरेंत. पल्याडची होडी भरतीला सुटते, यायला अंधार व्हतो. धक्क्यावर चिकटली तर तिला हाक कोन मारंल?"

मी परत आलो. जानूबाय शिंपल्यांतली कालवं फोडत होती. मी समोर उभा राहिलो.

"तू सांगितलं नाय."

"काय?"

"पायाचं."

"सांगून तू काय केलं असतंस? रडला असतास." तिने एक कालव फोडलं. "बाजूला हो, उजेड अडतोय."

"उद्या तू धक्क्यावर जा. मी घरी राहतो. हाक परत देतो."

तिने आणखी एक कालव फोडलं. मग म्हणाली, "आन् नाय सुटले तर? गाव बघंल. म्हातारपनी पोरांत उभी रात काडू?"

"मी काढल्या."

तिने माझ्याकडे बघितलं. "भात पातळ करू नको," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेलो नाही. भात केला. बोंबलाचं कालवण केलं. ताट वाढून पाटासमोर ठेवलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. दिवेलागण झाली. घराबाहेर गेलो तर चिकटेन म्हणून उंबऱ्याच्या आतच उभा राहिलो. धक्का समोर दिसत होता. जानूबाय तिथे उभी होती. तिने एक पाय उचलून बघितला. उचलला गेला नाही. मग ती पदर नीट करून सरळ उभी राहिली.

मी हाक मारली, "जानूबाय! ये! ताट वाडलंय!"

काही झालं नाही.

"जानूमावशी!"

नाही.

आजूबाजूच्या दारांत बायका आल्या. गोमाही कंदील घेऊन आला. तो म्हणाला, "जेवलास का? माझं तसंच झालं होतं."

"नाय जेवलो."

"मग अर्ज कर."

मी पुन्हा हाक मारली. माझा आवाज फुटला. धक्क्यावरून जानूबाय ओरडली, "जानू सासरचं नाव हाय! लग्नात ठेवलेलं! पायांना ते ठावं नाय!"

"मग कोणतं?"

माहेरच्या नावाने तिला हाक मारणारी माणसं मेली होती, आणि उरली होती ती बहीण खाडीपलीकडे खाटेवर होती. गावात कोणाला ते माहीत नव्हतं. सगळ्या दारांतून लोक तिच्याकडे बघत होते.

"चांगुणा," ती म्हणाली. ओरडली नाही, पण वारा आमच्याकडे येत होता.

"चांगुणाबाय! ये!"

तिची एक टाच उचलली गेली. पुन्हा टेकली.

"नावातलं बाय काढ!" ती ओरडली. "पोराला हाक मारतात तशी मार! माजी आय मारायची तशी!"

मोठ्या बाईला नुसत्या नावाने मी कधी बोलावलं नव्हतं. आमच्यात तसं कोणी बोलत नाही. हिरा त्याच्या दारात उभा होता, पण हसत नव्हता. मी उंबऱ्याची चौकट धरली. पोट भुकेने दुखत होतं.

"चांगेऽऽ! ये गंऽऽ! कवाची वाट बघतोय! भात गार होतोय!"

तिचे पाय सुटले. पंचावन्न वर्षांची बाई लुगडं वर खोचून बांधावरून धावत आली. मिठाच्या कोंड्यांमधून, त्या खाऱ्या पाण्याच्या वाफ्यांमधल्या अरुंद जागेवरून, एकदाही खाली न बघता. धावताना ती हसत होती की रडत होती, ते मला दुरून दिसलं नाही. जवळ आली तेव्हा तोंड पुसून झालं होतं.

ती पाटावर बसली. मी वाढत गेलो, ती खात गेली. भात पातळ झाला होता. तिने तसं म्हटलं नाही. कालवण दोनदा घेतलं. मग ताट बोटाने पुसून घेतलं आणि हात धुतला.

मी मागच्या दारी गेलो. बाहेर पाय ठेवला. उचलला. दिवे लागून बराच वेळ झाला होता आणि पाय उचलला जात होता. चार पावलं गेलो आणि परत आलो.

"उद्या सकाळच्या होडीनं भयनीकडं जाते," ती म्हणाली. "सांजच्याला यायचं नक्की नाय."

"मी मचव्यावर जातोय."

"जा."

तिने माझं ताट घेतलं, त्यात भात वाढला आणि माझ्यापुढे सरकवलं. मी जेवेपर्यंत ती समोर बसून राहिली.

"फिटली?" मी विचारलं.

"फिटली."