टक्कल आणि चोच

"बाबा, तुम्ही यंदा नाटकाला येऊ नका," चिऊने सांगून टाकलं. "गेल्या वर्षी मला स्टेजवरून तुमचं नुसतं टक्कल दिसत होतं."

चिऊचे बाबा म्हणजे विमा कंपनीतल्या हिशेब विभागाचे साहेब. त्यांच्या हातातला मोबाईल प्रथमच जरा खाली आला. आरोप खरा होता. गेल्या वर्षी ते पहिल्या रांगेत बसून, मान खाली घालून, ऑफिसच्या ग्रुपवर कुणाचं तरी अभिनंदन करत होते. कशाबद्दल, ते आता त्यांनाही आठवत नव्हतं. पोरीने मात्र लक्षात ठेवलं होतं, आणि ते त्यांना लागलं.

"येणार म्हणजे येणारच!" साहेब म्हणाले. "आज चार वाजता नाटकाला निघेपर्यंत मोबाईलला हातसुद्धा लावणार नाही. मग तरी विश्वास बसेल ना?"

"तुम्ही?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुम्ही आंघोळीलासुद्धा त्याला बरोबर नेता."

झालं, साहेब पेटले. जेवणं उरकताच त्यांनी स्वतःचा आणि बायकोचाही मोबाईल कपाटात बंद करायला लावला. किल्ली बायकोच्या पर्समध्ये गेली. साहेबांनी गॅलरीत खुर्ची टाकली. "मी आता जग बघत बसणार. आतून कडी लाव. मी काच ठोकली, हात जोडले, रडलो, तरी उघडू नकोस. हार मानून मोबाईल मागितलाच, तर नाटकाला येणार नाही."

बायकोने इतक्या चटकन कडी लावली, की साहेबांना जरा शंकाच आली.

गॅलरीचं दार म्हणजे जाड दुहेरी काच. घरून मीटिंग करताना घरच्यांचा आवाज नको म्हणून साहेबांनीच ती हट्टाने बसवून घेतली होती. आतला आवाज बाहेर येत नसे, बाहेरचा आत जात नसे.

जग फारच संथ निघालं. समोरच्या गच्चीवर एक चादर वाळत होती. बऱ्याच वेळाने पुन्हा पाहिलं, तर ती अजून वाळतच होती, आणि तिला पुढे ढकलायची सोय नव्हती. साहेबांचा अंगठा हवेतच वर-खाली सरकायला लागला. शेवटी न राहवून त्यांनी काच वाजवली आणि एक बोट दाखवलं. फक्त एकदाच! बायकोने मान हलवली आणि पडदा ओढून घेतला.

तेवढ्यात कठड्यावर कावळा येऊन बसला. तिथे एक चोच वाळत होती. नाटकात चिऊला कावळ्याचं काम होतं, आणि मायलेकींनी खपून, मैद्याच्या खळीने पुठ्ठे चिकटवून, वर काळा रंग देऊन ती केली होती. कावळ्याने मान वाकडी करून आधी चोच तपासली, मग दोन्ही पायांनी उडी मारून साहेबांना तपासलं. इतका संशयी चेहरा साहेबांनी फक्त ऑडिटला आलेल्या माणसांचा पाहिला होता. कावळ्याची मान राखाडी असते आणि पंखांत निळी झाक असते, हे त्यांना या वयात कळत होतं. "वा!" म्हणत त्यांचा हात सवयीने फोटोसाठी खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. कोपर मात्र नेमकं लागलं, आणि चोच तीन मजले खाली गेली.

खाली वॉचमनचा कुत्रा होता. त्याने चोच हुंगली, खळ चाटली, आणि पानावर बसावं तसा मोटारीखाली बसून खायला लागला.

"अहो वॉचमन!" साहेब ओरडले. वॉचमन कानात इयरफोन घालून मॅच बघत होता. तेवढ्यात कुरिअरवाला आला.

"ओ भाऊ! त्या कुत्र्याकडून तेवढी चोच घ्या!"

"काय घेऊ?"

"चोच! तिसऱ्या मजल्यावर आणून द्या!"

"तिसरा मजला? तुमचंच पार्सल आहे. ओटीपी सांगा."

"अहो, मोबाईल कपाटात आहे!"

"मग वर जाऊन मागतो की!"

"नको! मागू नका!" साहेब किंचाळले, पण तो जिन्यात शिरला होता.

थोड्याच वेळात पडदा खस्सकन सरकला. बायको काय म्हणतेय ते कळायला साहेबांना आवाजाची गरज नव्हती. आता माणसं पाठवायला लागलात? लाज वाटते का? नाटक रद्द!

साहेबांनी जोरजोरात मान हलवली. तोंडापुढे हात धरून चोच केली, हात फडफडवले, गुडघ्यांवर बसून काहीतरी चावल्यासारखं केलं. बायकोच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन काळजी आली. तिने घाबरून चिऊला बोलावलं.

काळे पंख बांधलेली चिऊ काचेपाशी आली. तिने बाबांकडे टक लावून पाहिलं, मग रिकाम्या कठड्याकडे पाहिलं, आणि कडी काढली.

"आई, बाबांना मोबाईल नकोय. माझी चोच कुत्र्याने नेलीय!"

साहेबांनी मोटारीखाली पालथं पडून चोच सोडवली, तेव्हा ती निम्मीच उरली होती. चिऊचे डोळे भरले. साहेबांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्याच कोपराने पडली गं," ते म्हणाले. "पण मी आज कावळा नीट बघितलाय. तो आधी मान अशी वाकडी करतो, मग दोन्ही पायांनी उडी मारतो. करून बघ."

चिऊने नाक पुसत करून बघितलं. तिला ते जमलं.

धावतपळत सगळे हॉलवर पोहोचले. स्टेजवर अर्ध्या चोचीचा कावळा आला, त्याने मान वाकडी केली, टुणकन उडी मारली, आणि सगळा हॉल हसला. बाकीच्या आईबापांनी मोबाईल तोंडापुढे धरले होते, आणि बायको पर्समध्ये डोकं घालून काहीतरी शोधत होती. पहिल्या रांगेत तेवढा एक चेहरा उघडा होता. कावळ्याने तो शोधला, आणि त्याच्याकडे बघून कावळा हसला. चोच अर्धीच असल्यामुळे हसू चांगलं दिसलं.

बायकोने कोपर मारलं. "अहो, फोटो काढा ना!"

"मोबाईल कपाटात आहे."

"आणि माझा?"

"तोही. किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे."

"कमाल आहे तुमची! एरवी चोवीस तास हातात असतो, आणि आज पोरगी स्टेजवर उभी आहे तर आणला नाहीत!"

मागच्या रांगेतून कुणीतरी साहेबांच्या खांद्यावर टकटक केलं.

"काका, जरा मान खाली घाला ना. व्हिडिओत तुमचं टक्कल येतंय."

साहेबांनी मान खाली घातली नाही.