रिव्हर्समध्ये नापास

आमच्या हिचा डोळ्यांचा दवाखाना शहराच्या ऐन मध्यात, आणि पाणीपुरवठा कचेरीतलं माझं कारकुनाचं टेबल तिथून पायी दहा मिनिटांवर. म्हणून आम्ही भर वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घ्यायचं ठरवलं. (दवाखाना हिचा म्हणजे ही तिथे नर्स आहे. मालकीण असती तर मी हे सगळं लिहीत बसलो नसतो.) खोल्या दाखवताना एजंट म्हणाला, "साहेब, एकच गोष्ट आधी सांगतो. इथे पार्किंग नाही."

"ते बघू हो नंतर," मी म्हणालो.

मला कुणी साहेब म्हटलं की मी कशालाही मान डोलावतो. कचेरीत तसं कुणी म्हणत नाही.

गाडी खरं तर आमची नव्हतीच, सासऱ्यांची होती. क्रीम रंगाची, जुनी, पण अंगावर एक ओरखडा नाही. बावीस वर्षं त्यांनी ती स्वतः चालवली, स्वतः धुतली. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांपुढे पडदा यायला लागला. एक दिवस त्यांना स्वतःच्याच फाटकाचा खांब दिसला नाही. थोडक्यात निभावलं, पण त्याच संध्याकाळी त्यांनी किल्ली रुमालाने पुसली आणि माझ्या हातात ठेवली. दर पंधरा दिवसांनी मी त्यांना गावाहून आणायचं, हिच्या दवाखान्यात डोळ्यात इंजेक्शन देववायचं आणि परत नेऊन सोडायचं, असं ठरलं. बसचे धक्के डॉक्टरांनी बंद केले होते. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकून लोक विचारतात, "मग विकून का नाही टाकलीत?"

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळली. रस्त्याच्या कडेला जागा मिळाली, की तिथून हलायचं नाही. हललं की गेली. त्यामुळे बाजाराला आम्ही पायी जायचो, लग्नाकार्याला बसने. "आपल्याकडे गाडी आहे ना," ही म्हणाली, "म्हणूनच आपल्याला कुठे जाता येत नाही."

दोनदा गाडी उचलून नेली. दुसऱ्या वेळी सोडवायला गेलो तर तिथला हवालदार ओळखीचं हसला आणि म्हणाला, "या. तुमची त्या कोपऱ्यात ठेवलीय, सावलीत." नेमका तेव्हाच सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, गाडी काय म्हणते?"

"मजेत आहे, बाबा. जरा बाहेर गेलीय."

"तुम्ही कुठे आहात?"

"मी… घरी."

"मग ती कुणाबरोबर गेलीय?"

पैसे देऊन गाडी ठेवायच्या जागेची चौकशी केली, तर त्या भाड्यात गाडीला आमच्यासारख्या दोन खोल्या मिळाल्या असत्या, तेही गॅलरीसकट. शेवटी एके दिवशी दवाखान्यामागच्या गल्लीत एका बसक्या घराच्या फाटकावर पाटी दिसली. खडूने, शाळेतल्यासारख्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'एक गाडी ठेवण्यास जागा. भाडे माफक. अट आत विचारावी.'

दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं, कारण त्यांना बघताच मी खिशातले हात बाहेर काढले. अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड होती, आणि शेडच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना चुना लावलेली पिंपं. भाडं विचारलं, तर मी दोनदा विचारलं, इतकं ते कमी होतं.

"आणि अट?"

बाईंनी व्हरांड्याकडे बघितलं. तिथे आरामखुर्चीत एक किरकोळ म्हातारे गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर वही घेऊन बसले होते.

"हे आमचे मास्तर. मोटार शिकवायचे. अर्धं शहर यांच्या हाताखाली शिकलंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता विसरतात. शाळा बंद होऊन नऊ वर्षं झाली, हे त्यांना मान्यच नाही. संध्याकाळचे सहा वाजले की गाडीची वाट बघतात. आली नाही तर फाटकापर्यंत जातात, रस्त्यावर उतरतात. मला आता त्यांना धरून आणणं जमत नाही. तेव्हा तुम्ही रोज सहाला यायचं, गाडी फाटकाबाहेर काढायची आणि त्यांच्यासमोर रिव्हर्समध्ये शेडमध्ये लावायची. ते तपासतील. एवढंच."

"एवढंच?" मी म्हणालो. आयुष्यात ज्या ज्या वेळी मी 'एवढंच' म्हणालो, त्या त्या वेळी तोंडावर आपटलो आहे.

पहिल्या संध्याकाळी गाडी मागे घेताना मी डावं पिंप पाडलं. दुसऱ्या संध्याकाळी उजवं. तिसऱ्या दिवशी दोन्ही पिंपं चुकवली आणि बाईंनी वाळत घातलेल्या लाकडांच्या ढिगावर चढलो. मास्तर शांतपणे वहीत लिहायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "नापास. उद्या पुन्हा बसा."

रागवायचे मात्र नाहीत. हेच जिवाला लागायचं. कचेरीत साहेब ओरडतो, तेव्हा ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देता येतं. मास्तर नुसतं विचारायचे, "स्टिअरिंग इतकं घट्ट का धरलंय? ते पळून जाणार आहे का?" हा प्रश्न घेऊन मी जिने चढायचो आणि जेवताना घास तसाच हातात राहायचा.

महिने गेले. शेजारपाजारची माणसं सहाच्या सुमाराला भिंतीवर कोपर टेकून उभी राहायला लागली. अटीबद्दल हिला मी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिला आधी वाटलं, मी कचेरीतून भलतीकडेच जातो. एक दिवस माझ्या मागोमाग आली, फाटकाशी उभं राहून सगळं बघितलं आणि घरी येताना म्हणाली, "भलतीकडे जात असता तर निदान लोकांना सांगता तरी आलं असतं."

दुसरीकडे एक गोष्ट मात्र झाली होती. मास्तर रस्त्यावर उतरायचे थांबले होते. बाईंनी ती कधी बोलून दाखवली नाही, पण माझ्यासाठी सहाला चहा ठेवायला लागल्या. एका संध्याकाळी कप देताना म्हणाल्या, "काल रात्री सबंध झोप लागली. किती वर्षांनी." त्यानंतर दुसरी जागा शोधायचा विचार मी सोडून दिला.

मग एका फेरीला इंजेक्शन झाल्यावर सासरे म्हणाले, "गाडी कुठे ठेवता, ते मला दाखवा." टाळता येण्यासारखं नव्हतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात धुकं, अशा अवस्थेत त्यांना मी व्हरांड्यात मास्तरांशेजारी बसवलं. मास्तरांनी त्यांना आदबीने नमस्कार केला.

"तुम्ही यांचे पालक का?"

बाईंनी सासऱ्यांच्या कानावर सगळं आधीच घातलं होतं. "तसंच म्हणा," ते म्हणाले.

"स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलगा कष्टाळू आहे, वेळेवर येतो. पण हातात कला नाही."

"लग्नाच्या वेळीच मला शंका आली होती," सासरे गंभीरपणे म्हणाले.

मी गाडीत बसलो. कान तापले होते. गाडी सुरू केली तोच सासऱ्यांनी हात वर केला. "थांबा. क्लच सगळा सोडताय. इंजिन घुसमटतंय, ऐकू येतंय मला." मास्तर पुढे वाकले. "बरोबर. अर्धा सोडा. आणि आरशात पिंप बघू नका, पिंपाच्या शेजारची मोकळी जागा बघा." एकाला दिसत नव्हतं, एकाला आठवत नव्हतं, आणि दोघं मिळून मला शिकवत होते. सासरे आवाजावरून सांगायचे, मास्तर चाकांवरून. त्या संध्याकाळी मी नऊ वेळा गाडी आत-बाहेर केली. नवव्या वेळेला एकही पिंप पडलं नाही, गाडी नुसती तिरकी लागली. परतीच्या वाटेवर सासरे म्हणाले, "किल्ली दिली त्या दिवशी वाटलं होतं, संपलं आपलं. आज बरं वाटलं." मी रस्त्यावरची नजर हलवली नाही, आणि त्याला कारण फक्त वाहतूक नव्हती.

त्यानंतर ते दर फेरीला मास्तरांकडे बसायला लागले. आणि सातव्या महिन्यात, एका साध्यासुध्या मंगळवारी, ते घडलं. गाडी एका दमात मागे आली, दोन पिंपांच्या मधून सरळ गेली आणि शेडच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. भिंतीवर टेकलेले शेजारी ताठ उभे राहिले. मास्तर काठी घेऊन स्वतः खाली उतरले, गाडीभोवती फिरले, चाकं बघितली. मग माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "पास." त्यांचे डोळे भरले होते. माझेही. मी धावत घरी गेलो आणि हिला सांगितलं. तिने मला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. सासऱ्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "आवाज कसा होता इंजिनचा?"

दुसऱ्या दिवशी सहाला गेलो, तर मास्तर फाटकाशी आडवे उभे.

"आपण?"

"मी, मास्तर. गाडी—"

"वहीत 'पास' लिहिलंय. तुमचं झालं ना शिकून? मग आता कशाला आलात? जागा अडवू नका. मागे विद्यार्थी खोळंबलेत."

मागे कुणीही नव्हतं. एक सायकलवाला होता, तोही निघून गेला. बाई लगबगीने बाहेर आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हेच होतं. पास झालेल्याला ते आत येऊ देत नाहीत. याआधीचे चारही भाडेकरू असेच गेले. एक तर आठ दिवसांत पास झाला."

"मग मी उद्यापासून मुद्दाम चुकतो ना!"

"मुद्दाम केलेली चूक त्यांना लगेच कळते. तुमच्याआधी एक डॉक्टर होते, त्यांनी करून बघितलं." बाईंचा आवाज मऊ झाला. "तुमचं तसं नव्हतं. तुमच्या चुका अगदी अस्सल होत्या."

त्या रात्री शेडमधून काढलेली गाडी पुन्हा रस्त्यावर, आणि आम्ही दोघं खिडकीत. मला जागेची काळजी होती, पण खरं सांगायचं तर डोळ्यांपुढे फाटकाशी उभे असलेले मास्तर येत होते. उद्या सहाला ते कुणाची वाट बघणार?

"माझं नाव घाला," ही एकदम म्हणाली. "मला कुठे गाडी येते?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी रजा टाकली आणि ही माझ्याबरोबर आली. सकाळभर मी तिला रस्त्याकडेला उभ्या गाडीत बसवून त्यात काय काय असतं ते समजावलं होतं. ब्रेक कुठला, क्लच कुठला, आरशात काय बघायचं. सहाला मास्तरांनी वहीचं नवं पान उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "याआधी काही शिकलात का कुणाकडे?"

"हो. यांनी शिकवलं थोडं."

मास्तरांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. मग हळूच वही मिटून हिला म्हणाले, "घाबरू नका, बाळ. ते सगळं विसरायला वर्षभर लागेल. मग आपण पहिल्यापासून सुरुवात करू."

हिने वळून माझा हात दाबला. इतक्या कौतुकाने तिने माझ्याकडे लग्नानंतर प्रथमच बघितलं असेल.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "तुमच्यामुळे वर्षभराची जागा पक्की झाली."